‘आहे का?’ नको, ‘दाखवा’ म्हणा: नागरी बँकेच्या संचालकानं आयटीची जोखीम कशी बघावी

मी सीए. निम्मं आयुष्य सहकारी बँकांची ऑडिटं करण्यात गेलं आणि आता एका तालुक्याच्या गावातल्या नागरी बँकेत तज्ज्ञ संचालक म्हणून बसते. आमच्या मंडळात अडत व्यापारी आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, डॉक्टर आहेत. कर्जाची फाइल पुढे आली की सगळे चष्मा पुसून सरसावतात. सातबारा कुठाय? जामीनदार कोण? तारणाचं मूल्यांकन कुणी केलं, आणि तो कर्जदाराचा मेहुणा तर नाही ना? हीच मंडळी आयटीचा विषय आला की ईडीपीच्या, म्हणजे संगणक विभागाच्या, साहेबांकडे बघतात. “फायरवॉल आहे ना?” “आहे साहेब.” “बॅकअप?” “रोज होतो.” मंजूर. कर्जं अशी वाटली असती तर आमच्या बँकेवर केव्हाच प्रशासक आला असता.

हे लेखन अशा संचालकांसाठी आहे. फायरवॉल कशी चालते ते तुम्हाला कळायची गरज नाही. फाइलवर जो संशय घेता तोच इथं घ्यायचा: तोंडी उत्तर चालणार नाही, कागद दाखवा, चालू करून दाखवा, नाव आणि तारीख सांगा. पतसंस्था, साखर कारखाना, शिक्षण संस्था यांच्या मंडळांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. उदाहरणं बँकेची आहेत, कारण मला तीच माहीत आहेत.

सुरुवात सेवांपासून

ईडीपीकडे यादी मागितली की सर्व्हर, राउटर, यूपीएस, प्रिंटर अशी डेडस्टॉकची यादी येते. ती बाजूला ठेवा. तुम्हाला हवी ती यादी अशी: काउंटरवरची रोकड देवघेव, एटीएम, यूपीआय, आरटीजीएस-एनईएफटी, चेक क्लिअरिंग, मोबाईल अ‍ॅप, एसएमएस, पगाराच्या याद्या, सोनेतारणाचं व्याज. प्रत्येक ओळीसमोर दोन प्रश्न. ही सेवा बंद पडली तर किती वेळ चालवून घेऊ? आणि ती परत सुरू होईल तेव्हा मधल्या किती वेळाच्या नोंदी हरवल्या तर चालतील?

या दोन प्रश्नांची उत्तरं ईडीपीनं द्यायची नाहीत, संचालकांनी द्यायची. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी दोन तास काउंटर बंद राहिला तर काय होतं ते अडत व्यापाऱ्याला नेमकं ठाऊक असतं, सर्व्हर बघणाऱ्या पोराला नसतं. उत्तरं ठरली की ईडीपीला विचारा, आजच्या व्यवस्थेत हे जमतं का? बहुधा “नाही” असं उत्तर येईल. मंडळानं म्हटलेलं असतं दोन तास, आणि प्रत्यक्षात पर्यायी डेटा सेंटर, म्हणजे डीआर साइट, उभी राहायला दिवस जातो. ही तफावत हीच तुमची पहिली जोखीम. ती भरून काढायला पैसे लागतील, नाहीतर दिवसभराचा खोळंबा मान्य आहे असं ठरावात लिहावं लागेल. दोन्ही चालतं. तफावत माहीतच नसणं चालत नाही.

यादीत एक ओळ हमखास सुटते: एक्सेल. सोनेतारणाचं व्याज, लाभांश, थकबाकीचं वर्गीकरण यातलं काहीतरी कुणाच्या तरी संगणकावरच्या एक्सेल शीटवर चाललेलं असतं. ती शीट कुणी बनवली, सूत्रं कोण बदलू शकतं, तो माणूस निवृत्त झाला तर काय, हे विचारा.

जोखीम नोंदवही: वाक्य पुरं लिहा

जोखीम नोंदवही बहुतेक बँकांत असते, कारण तपासणीला मागतात. उघडली की दिसतं: “सायबर हल्ल्याचा धोका – मध्यम. नियंत्रण – अँटिव्हायरस. जबाबदारी – आयटी विभाग.” यातून कुणालाही काहीही करता येत नाही. जोखीम पूर्ण वाक्यात लिहायला लावा: काय होईल, कशामुळे, आपल्याला केव्हा कळेल.

कॉसमॉसचं उदाहरण घ्या. एटीएममध्ये कार्ड घातलं की मागणी स्विचकडे, म्हणजे ती योग्य बँकेकडे वळवणाऱ्या यंत्रणेकडे, जाते, स्विच बँकेच्या सीबीएसला, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य प्रणालीला, विचारतो, सीबीएस खात्यात शिल्लक बघून होकार देतं, मग पैसे बाहेर येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तेव्हा चोरांनी मधे एक खोटा स्विच उभा केला. मागणी सीबीएसपर्यंत पोचतच नव्हती, खोटा स्विच परस्पर होकार देत होता. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये गेले, भारतातून आणखी अडीच कोटी. दोन दिवसांनी स्विफ्टमार्फत, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातून, हाँगकाँगच्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख. एकूण सुमारे ९४ कोटी. ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही, कारण सीबीएसला कुणी विचारलंच नव्हतं.

आता आपल्या नोंदवहीतली ओळ अशी होईल: “स्विचनं मंजूर केलेले एटीएम व्यवहार सीबीएसमध्ये नोंदलेच जात नाहीत आणि हे आपल्याला दुसऱ्या कामाच्या दिवशी रिकन्सिलिएशनच्या (हिशेब जुळवण्याच्या) वेळी कळतं. नियंत्रण: स्विचची मंजुरी आणि सीबीएसची नोंद यांचा दर तासाला मेळ, फरक दिसताच दोघांच्या मोबाईलवर सूचना, ठरावीक रकमेवर स्विच आपोआप बंद. मालक: अमुक अधिकारी, नावानिशी. शेवटची चाचणी: तारीख.” आपला स्विच व्हेंडरचा असेल तर हा मेळ तोच घालतो का आणि सूचना कुणाला जाते, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

त्या तारखाही बघून ठेवा. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, बँकेची सुट्टी. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले ते गुरुवारच्या रात्री. तिथं शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी, आणि पैसे पोचले त्या फिलिपिन्समध्ये पुढच्या सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. चोर आपलं सुट्ट्यांचं परिपत्रक आपल्यापेक्षा नीट वाचतात. म्हणून नोंदवहीतल्या प्रत्येक नियंत्रणापुढे एक रकाना वाढवा: “दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री हे कोण बघतं?”

मेळ घालण्याचा धडा फक्त बाहेरच्या चोरांपुरता नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं जे नीरव मोदी प्रकरण बाहेर आलं, त्यात स्विफ्टचे संदेश सीबीएसशी जोडलेले नव्हते. हमी बाहेर जात राहिली, पुस्तकात नोंद नाही. तुमच्याकडे स्विफ्ट नसेल, पण अशा वेगळ्या पडलेल्या दोन प्रणाली असतीलच. त्या कोणत्या ते विचारा.

नोंदवहीत दहा-बारा ओळी पुष्कळ झाल्या. ऐंशी ओळींची नोंदवही कुणी वाचत नाही.

एकाच माणसाच्या हातात किल्ल्या

मोठ्या बँकांत काम करणारा वेगळा, जोखीम बघणारा वेगळा, तपासणारा वेगळा. लहान नागरी बँकेत ईडीपीचा एकच अधिकारी युजर आयडी काढतो, हक्क देतो, बॅकअप घेतो, व्हेंडरशी बोलतो, ऑडिटरला उत्तरं देतो आणि अध्यक्षांच्या मोबाईलचं व्हॉट्सअ‍ॅपही दुरुस्त करतो. तो प्रामाणिक असतो, बहुतेक वेळा मरमर काम करतो. त्याच्यावर संशय घ्या असं मी म्हणत नाही. पण सगळे हक्क एका आयडीत असतील तर चोराला तो एक आयडी पुरतो.

माणसं वाढवणं परवडत नसेल तर तीन गोष्टी करा. सीबीएसमध्ये नवा युजर काढणं आणि त्याचे हक्क वाढवणं यासाठी दुसऱ्या विभागातला चेकर, म्हणजे तपासून मंजुरी देणारा, ठेवा, आस्थापना विभागातला चालेल. सुरक्षेचं काम ज्याच्याकडे आहे त्याचा अहवाल ईडीपी प्रमुखामार्फत न येता थेट सीईओकडे आणि संचालकांच्या आयटी समितीकडे येऊ द्या. आणि ईडीपी अधिकाऱ्याला वर्षातून एकदा सलग सक्तीच्या रजेवर पाठवा, फोन बंद ठेवून. त्या दिवसांत जे जे अडेल त्याची यादी सीईओंनी ठेवायची. कुठलाही सल्लागार देणार नाही इतकी खरी जोखीम-यादी त्या रजेतून फुकट मिळते.

समिती, आणि विषयपत्रिकेतली जागा

आमच्याकडे आयटीचा विषय वर्षानुवर्षं शेवटी यायचा, “मा. अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय” याच्या जरा आधी. बटाटेवड्यांचा वास येऊ लागला की कोण प्रश्न विचारणार? आता तो इतिवृत्त कायम करण्याच्या लगेच नंतर येतो. एवढ्या एका बदलानं चर्चेचा दर्जा किती बदलला हे बघून मलाच नवल वाटलं.

व्यापारी बँका आणि मोठ्या एनबीएफसींसाठी (बिगरबँक वित्त कंपन्यांसाठी) रिझर्व्ह बँकेनं ७ नोव्हेंबर २०२३ ला आयटी गव्हर्नन्सचे निर्देश काढले, १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झाले. त्यात संचालक मंडळाच्या आयटी समितीनं तिमाहीला किमान एकदा भेटावं असं आहे. लहान बँकेनंही तोच ताल धरावा. नागरी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकानं सायबर सुरक्षेच्या चार पातळ्या आणल्या; स्वतःचा एटीएम स्विच आहे का, इंटरनेट बँकिंग आहे का, स्विफ्ट आहे का, इतर बँकांना सेवा देता का, यावर पातळी ठरते. आपली बँक कोणत्या पातळीत बसते आणि का, हे पहिल्याच बैठकीत अनुपालन अधिकाऱ्याकडून एका पानावर लिहून घ्या. नवी सेवा सुरू केली की पातळी चढू शकते, आणि अ‍ॅपच्या उद्घाटनाच्या हारतुऱ्यांत हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

बैठकीत मागायचे पुरावे

इथं थोडं रेंगाळते, कारण खरी देखरेख इथंच होते.

पहिला: बाहेर पडलेल्यांचे आयडी. आस्थापनेकडून गेल्या वर्षभरात निवृत्त झालेल्यांची, राजीनामा दिलेल्यांची, बदली झालेल्यांची यादी घ्या. ईडीपीकडून सीबीएसच्या चालू युजरची यादी घ्या. दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवा. याला संगणकाचं शून्य ज्ञान लागतं. एका बँकेत वारलेल्या शिपायाच्या नावाचा आयडी चालू होता आणि त्यावर लॉगइनही होत होतं. बदलीवाले विसरू नका: कर्ज विभागातून रोकड विभागात गेलेल्या माणसाकडे दोन्हीकडचे हक्क राहिले की नोंद करणारा (मेकर) आणि मंजुरी देणारा (चेकर) एकच होतो.

दुसरा: बॅकअप परत चढवून दाखवा. “बॅकअप यशस्वी” असा संदेश म्हणजे प्रत काढली गेली, एवढंच. ती उघडते का? गेल्या महिन्यातल्या एका तारखेची प्रत वेगळ्या यंत्रावर चढवा आणि त्या दिवसाचा ट्रायल बॅलन्स काढून त्या दिवशीच्या छापील प्रतीशी जुळवा. जुळला की सही-तारीख घालून फाइलला लावा. शिवाय एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली आहे का ते विचारा. रॅन्समवेअर, म्हणजे माहिती ओलीस धरून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आधी बॅकअप शोधतं, मग बाकीचं कुलूपबंद करतं.

तिसरा: डीआर ड्रिल, म्हणजे डीआर साइटवरून बँक चालवण्याचा सराव. कागदावरची ड्रिल म्हणजे रविवारी दुपारी डीआरचा सर्व्हर चालू केला, एक लॉगइन केलं, स्क्रीनशॉट काढला. खरी ड्रिल म्हणजे एक पूर्ण कामाचा दिवस, डे-बिगिनपासून डे-एंडपर्यंत, सगळ्या शाखा डीआरवरून. पहिल्या खेपेला काहीतरी अडतंच, आणि ते तसंच लिहिलेलं असलं पाहिजे. “सर्व सुरळीत” असा ड्रिल अहवाल आला तर मी तो परत पाठवते.

चौथा: ऑडिटचे उघडे मुद्दे, वयासकट. आयएस ऑडिट (संगणक प्रणालींचं ऑडिट) आणि व्हीएपीटी (प्रणालीतल्या फटी शोधणारी चाचणी) यांच्या अहवालांत मुद्दे निघतात, मग समोर “अनुपालन केले” असं लिहून येतं. कुणी तपासलं? ज्यानं मुद्दा काढला त्यानंच पुन्हा तपासून बंद केला असेल तरच तो बंद. बाकीचे उघडे धरा आणि किती दिवसांपासून उघडे आहेत ते लिहा. तोच मुद्दा दोन वर्षं लागोपाठ आला असेल तर मुख्याध्यापक बाई ज्या आवाजात “गृहपाठ?” म्हणतात तो आवाज काढायला हरकत नाही.

कधी कधी मुद्दा लगेच सुटण्यासारखा नसतोच. जुन्या एटीएमची प्रणाली बदलायला पैसे पुढच्या वर्षी आहेत, तोवर जोखीम स्वीकारायची. स्वीकारा. पण स्वीकारणाऱ्याचं नाव, कारण, मधल्या काळातला उपाय आणि शेवटची तारीख लिहून. तारीख उलटली की विषय आपोआप मंडळापुढे परत आला पाहिजे.

व्हेंडरचं काम, बँकेची जबाबदारी

बहुतेक नागरी बँकांचं सीबीएस भाड्याचं, स्विच भाड्याचा, डेटा सेंटर दुसऱ्याचं. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना बँकिंग प्रणाली पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअर हल्ला झाला तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं खबरदारी म्हणून तिची जोडणी तोडली आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, एटीएम आणि यूपीआय व्यवहार थांबले. या बँकांच्या आपापल्या इमारतींत काहीच बिघडलेलं नव्हतं. शाखेच्या दारात उभा राहिलेला सभासद मात्र व्हेंडरला ओळखत नाही, तो तुम्हाला ओळखतो.

म्हणून करारात चार कलमं शोधा, वकिलाकडून नव्हे, स्वतः वाचून: त्यांच्याकडे घटना घडली तर किती तासांत आपल्याला कळवतील, त्यांच्या जागी जाऊन तपासायचा हक्क आपल्याला आणि रिझर्व्ह बँकेला आहे का, ते पुढे कुणाला काम देतात, आणि करार संपला तर आपला डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशांत परत मिळेल. शेवटचं कलम नसेल तर व्हेंडर बदलायच्या वेळी तुम्ही अडकलात. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नूतनीकरणाच्या आधीचे तीन महिने ही कलमं घालून घ्यायला सर्वांत चांगले, कारण तेव्हा बिल तुमच्या हातात असतं.

दर वेळी चोरच असतो असं नाही

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये सगळे ग्राहक एका झटक्यात नव्या प्रणालीवर नेले आणि लाखो लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. पुढच्या एप्रिलमध्ये माजी मुख्य माहिती अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून ८१,६२० पौंड भरावे लागले. पुरवठादार तयार आहे की नाही याची पुरेशी खात्री त्यानं केली नव्हती. पुरवठादार कोण? त्यांच्याच समूहातली कंपनी. घरचा व्हेंडर असला की प्रश्न कमी विचारले जातात, हे सहकारात मी वेगळं सांगायला नको.

सीबीएस बदलायचा ठराव पुढे आला तर “केव्हा सुरू करणार” याच्या आधी “कोणत्या परिस्थितीत सुरू करणार नाही” ते लेखी घ्या. किती चाचण्या फसल्या तर तारीख पुढे जाईल, माघारी यायचा रस्ता कोणत्या तासापर्यंत उघडा आहे, आणि थांबवायचा अधिकार कुणाला. अध्यक्षांनी वर्धापनदिनाची तारीख आधीच छापून घेतली असेल तर ती पत्रिका रद्द करायची तयारी ठेवा.

ग्राहकांच्या माहितीचा विषय थोडक्यात: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या शाखाधिकाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर किती आधार-पॅनचे फोटो पडून आहेत, तेवढं विचारून बघा.

रात्री सव्वादोनचा सराव

चाळीस मिनिटं काढा. सीईओ, ईडीपी, एक शाखाधिकारी, दोन संचालक. गोष्ट सांगा: रात्रीचे सव्वादोन, आपल्या कार्डांवर परगावच्या एटीएममधून सलग पैसे निघतायत. पहिला फोन कुणाला? स्विच बंद करायचा हक्क कुणाला? इथं खोली गप्प होते, कारण जो जागा असेल त्याला अधिकार नसतो आणि ज्याला अधिकार असतो तो झोपलेला असतो. व्हेंडरचा रात्रीचा नंबर ईमेलमध्ये असतो आणि गोष्टीत ईमेल बंद असतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. रिझर्व्ह बँकेलाही ताबडतोब. सहा तासांतले दोन तास मजकूर कुणी मंजूर करायचा यातच जातात, म्हणून पहिल्या कळवण्याचा मसुदा आजच तयार करून ठेवा, रिकाम्या जागा सोडून. शाखेच्या दारावर लावायच्या सूचनेचाही. आणि सगळे नंबर कागदावर, सहा जणांच्या घरी.

मग पुढच्या सभेत हा ठराव घ्या: “संशयास्पद व्यवहार आढळल्यास एटीएम स्विच, यूपीआय व आरटीजीएस-एनईएफटी सेवा कोणाच्याही पूर्वपरवानगीशिवाय तत्काळ थांबवण्याचा अधिकार श्री./श्रीमती ______ यांना व त्यांच्या अनुपस्थितीत श्री./श्रीमती ______ यांना देण्यात येत आहे. सद्हेतूने घेतलेल्या अशा निर्णयाबद्दल त्यांच्यावर कोणतीही कारवाई केली जाणार नाही.” दुसरं वाक्य गाळू नका; ते नसेल तर रात्री सव्वादोनला कुणीही बटण दाबणार नाही. आणि इतिवृत्त टंकलिखित होऊन येईल तेव्हा रिकाम्या जागी “संबंधित अधिकारी” असं भरलेलं असेल, तर सही करण्याआधी ते खोडून तिथं माणसाचं नाव घालून घ्या.